पाहणीपुरती चूल

ईरम्माला एकटीपुरती भाकरी करता येत नव्हती. ऐकून हसाल तुम्ही. परकर नेसायच्या वयात या घरात आलेली, चाळीस वर्षं चुलीपुढं बसलेली बाई, आणि म्हणे भाकरी करता येत नाही! पण खरंच नव्हती येत. परातीत पीठ घ्यायला हात घातला की ओंजळी आपोआप आठ माणसांच्या निघायच्या. पडवीतल्या नव्या चुलीवर पहिल्या संध्याकाळी तिनं सवयीनं चौदा भाकरी थापल्या, दुरडी शिगोशीग भरली, आणि मग त्या दुरडीकडं बघत बसली. खाणारी ती एकटी. दुसऱ्या दिवशी सकाळी तेरा भाकरी बैलांपुढं गेल्या. बैलांचं तेवढं चांगलं झालं.

हे सगळं झालं ते एका विहिरीपायी. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या निम्म्या विहिरींचा तळ उघडा पडला, आणि तो पुढं दोन वर्षं झाली तरी ओला झाला नाही. गाव अक्कलकोटच्या खाली, कानडी मुलखाला चिकटून. बायका भांडण मराठीत सुरू करतात आणि कानडीत संपवतात, असं गाव. तिथं चौऱ्याहत्तर साली सरकारची लहान शेतकऱ्यांची योजना आली. पाच एकरांच्या आत जमीन असेल त्याला नवी विहीर पाडायला सरकार अनुदान देणार. आता ईरम्माचा दीर सोमलिंग, त्याची जमीन नऊ एकर. नऊ एकर म्हणजे काही जहागीर नव्हे, पण सरकारच्या कागदात सोमलिंग मोठा शेतकरी झाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला मोठं म्हटलं, आणि तेही नेमकं नको तेव्हा.

वाट दाखवली ती ग्रामसेवकानं. जोतीराम त्याचं नाव, मोडनिंबकडचा. गाव त्याला भाऊसाहेब म्हणायचं. कानडीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं, पण सरकारी कागद कुठून वाकतो ते बरोबर ठाऊक होतं.

"सोमलिंग," तो म्हणाला, "निम्मी जमीन थोरल्या भावाची होती ना? तो गेला. त्याची बायको हाय. मग साडेचार तिच्या नावावर करा, साडेचार तुमच्या. दोघंबी लहान शेतकरी. विहीर तिच्या रानात काढा. पाणी काय बांध बघून थांबतंय व्हय?"

थोरला भाऊ म्हणजे गुरुसिद्धप्पा. त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. त्याची बायको म्हणजे आपली ईरम्मा. पोटी मूलबाळ नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा सोमलिंग सहा वर्षांचा होता, नाक गळत असायचं. ते नाक तिनंच पुसलं. पुढं जगदेवी त्याची बायको म्हणून आली, चौदाची पोर. तिला भाकरी गोल थापायला, म्हशीच्या सडाला हात लावायला, सासऱ्याचं बोलणं एका कानानं ऐकायला ईरम्मानंच शिकवलं. सगळी जेवली की दोघी जावा शेवटी एका ताटात बसायच्या. एक ताट, मध्ये कालवण, दोन्हीकडून भाकरी मोडायची. दिवसभरातलं जे बोलायचं ते तिथं बोलायचं. अठरा वर्षांत त्यांनी वेगळं ताट घेतलं नव्हतं. ईरम्माला नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण ते पोटात मावलं, कारण रोज त्या ताटापुढं कुणीतरी तिची वाट बघत बसलेलं असायचं.

सातबारा वेगळा झाला. अंगठे उठले. मग जोतीराम म्हणाला, "अजून एक हाय. वरून साहेब पाहणीला येतो. कागदावर वेगळं आणि घरात एकच चूल दिसली, की प्रकरण बाद. वेगळी चूल पायजे."

जगदेवी दारामागं उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. सोमलिंग खाली बघायला लागला. बोलली कोण? ईरम्माच बोलली, आणि हसत बोलली.

"किती दिस, भाऊसायेब?"

"आठ दिवस धरा. फक्त पाहणीपुरती."

"आठ दिस तर! मी माहेराला गेले आसं समजा की. मांडते मी चूल गोठ्याच्या पडवीत."

चूल घालण्यात तिचा हात गावात पहिला होता. तांबडी माती, बारीक कापलेला कडबा, शेण, राख. तिची चूल धूर धरायची नाही, म्हणून नवं घर झालं की बायका तिला बोलवून न्यायच्या. पडवीतली चूल तिनं एका दुपारीच घातली, आणि अशी देखणी घातली की सोमलिंग म्हणाला, "वयनी, आठ दिसांसाठी एवढं कशाला?" संध्याकाळी जगदेवीनं घरातल्या चुलीतले निखारे खापरावर घालून आणले आणि नव्या चुलीत ठेवताना रडायला लागली. ईरम्मानं तिला गुद्दा मारला. "येडी हायस का? मी काय काशीला चाललेय? हितनं तुझ्या चुलीचा धूर दिसतोय मला."

आणि मग त्या चौदा भाकरी.

आठ दिवस झाले. पंधरा झाले. साहेब काही येईना. जोतीराम म्हणायचा, या सोमवारी, मग म्हणायचा, दौरा बदलला. सरकारच्या सोमवाराची गोष्टच वेगळी, तो आठवड्यातून एकदा येत नाही.

दुसऱ्या संध्याकाळपासून काही दिवस जगदेवी ताट पदराखाली झाकून मागच्या दारानं पडवीत यायची. दोघी तिथं बैलांच्या शेजारी बसून एका ताटात जेवायच्या, हळू आवाजात हसायच्या. ईरम्माला तर मजाच वाटली. पण गावात तिप्पण्णा होता ना! त्याचाही अर्ज होता, तो बाद झाला होता, आणि त्याच्या पोटात दुखत होतं. तो सकाळ-संध्याकाळ मारुतीच्या पारावर बसून सोमलिंगच्या घरावरचा धूर मोजायचा. एक धूर की दोन? एका संध्याकाळी त्यानं जगदेवीला ताट घेऊन पडवीत जाताना बघितलं आणि तालुक्याला अर्ज ठोकून दिला. यांची चूल एक आहे, वाटणी खोटी आहे, सरकारची फसवणूक चालली आहे.

जोतीराम तोंड वाळवून आला. "आता साहेब न सांगता येणार. कधीबी येईल, जेवणाच्या टायमाला येईल. एका ताटात दिसलात तर माझी नोकरी जाईल आणि तुमची विहीर."

त्या दिवसापासून जगदेवीचं येणं बंद झालं. कालवणाची वाटी घेऊन थोरली पोर यायची, विजयमाला. चौदा-पंधराची. ती ईरम्माला दोड्डव्वा म्हणायची, म्हणजे मोठी आई. तिच्या न्हाणाचं पाणी ईरम्मानं तापवलेलं, तिच्या वेण्या ईरम्मानं घातलेल्या. ती वाटी ठेवायची, दोन गोष्टी सांगायची आणि पळायची. एकदा सांगून गेली, "दोड्डव्वा, अव्वाला एकटीला घास उतरत न्हाय. म्हणून मीच बसते आता तिच्या ताटात."

"बरं करतीस," ईरम्मा म्हणाली. आणि खरंच तिला बरं वाटलं. जगदेवी उपाशी उठत नाही हे चांगलंच झालं की. पण त्या संध्याकाळी तिनं भाकरी मोडली आणि ताटाची पलीकडची बाजू तशीच कोरी राहिली. तिकडं बघत तिला रडू आलं. कुणी बघायला नव्हतं, म्हणून तिनं ते पुसलंही नाही.

बघता बघता येळवस आली. मार्गशीर्षाची अमावास्या. या भागात दिवाळी एकवेळ चुकेल, येळवस चुकत नाही. सगळं घर रानात जातं. ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पाच पांडव. आंबिलीचं मडकं, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. पूजा झाली की सगळ्याचा थोडाथोडा कालवलेला नैवेद्य रानभर शिंपडायचा, त्याला चरगा म्हणतात. एकानं पुढं नैवेद्य टाकत जायचं, दुसऱ्यानं मागनं पाणी शिंपडत जायचं. आणि मग वाटेनं जाणारा कुणीही असो, ओळखीचा, बिनओळखीचा, त्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही.

ईरम्मानं मनात धरलं होतं, येळवशीला तरी आपण एकत्र बसू. रानात कुणाची चूल बघणार? पण आदल्या दिवशी सोमलिंग पडवीच्या दारात येऊन पाय घासत उभा राहिला.

"वयनी, तिप्पण्णाचं रान लागूनच हाय. त्यो बघत बसणार. उद्या तुमी... तुमच्या रानात कोपी घाला. बांधाच्या अल्याड आमची, पल्याड तुमची. एवढीच येळवस. म्होरल्या साली जोडीनं करू."

"माझं रान!" ईरम्मा म्हणाली. तिला सांगायचं होतं, सोमू, मला रान नको, मला ताट पाहिजे. पण विहिरीचं स्वप्न त्याच्या डोळ्यांत असं ओलं दिसत होतं की ती म्हणाली, "बरं. पेंढ्या तेवढ्या टाक माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं कोपी घातली, एकटीनं पाच दगड मांडले. दोनशे पावलांवर बांधापलीकडं सोमलिंगची कोपी. तिथं जगदेवीची माहेरची माणसं आलेली, लिंबाला झोका बांधलेला, पोरींचं ओरडणं इकडं ऐकू यायचं. ईरम्मा रस्त्यावर नजर ठेवून बसली होती. कुणीतरी जेवायला मिळू दे, एवढंच तिला पाहिजे होतं. पण येळवशीला रस्त्यावर असतं कोण? जो तो आपापल्या रानात.

आणि आला तो साहेबच. जीप वाटेवर थांबली, बांधावरनं तीन माणसं चालत आली. पुढं काळा चष्मा घातलेला एक तरणा अधिकारी, त्याच्या मागं घाम पुसत जोतीराम, आणि सगळ्यात मागं, बोलावलेलं नसताना, तिप्पण्णा.

"ईरम्मा गुरुसिद्धप्पा?" साहेबानं कागद काढला. तो वऱ्हाडातला होता, ही अमावास्या त्याला माहीत नव्हती.

"व्हय. आदी बसा. जेवा."

"आम्ही चौकशीला आलोय बाई."

"चौकशी करा की, कोण नको म्हंतंय. पर आज माझ्या रानात पाय ठेवलाय, उपाशी जायाचं न्हाय. बसा."

जोतीराम घाईघाईनं म्हणाला, "साहेब, इथली रीत आहे." साहेब बसला. त्यानं आंबील प्यायली, भज्जी खाल्ली, आणखी मागून घेतली. ईरम्मा वाढत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती कुणाला तरी वाढत होती.

साहेबानं हात धुतला आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"बैल असत्यात शेजारी."

"स्वयंपाक?"

"माझा मीच. पडवीत चूल हाय माझी."

साहेबानं बांधापलीकडं बोट केलं. "ती मंडळी कोण?"

तिप्पण्णा कान टवकारून उभा. ईरम्मानं तिकडं बघितलं. सोमलिंग, ज्याचं नाक तिनं पुसलं होतं. जगदेवी, पोरांना उंडे वाटत होती.

"शेजारी हायत," ती म्हणाली.

नेमकी त्याच वेळी विजयमाला बांधावरनं पळत आली, हातात झाकलेलं ताट, तोंडभर हसू. "दोड्डव्वा, अव्वानं..." आणि साहेबाला बघून थबकली.

"ही कोण?" साहेब म्हणाला.

शब्द तर ईरम्माला आता सापडलेला होता. "शेजारची पोर हाय. निवद घिऊन आलीया. ठेव गं ताट, आन जा."

पोरीला सगळं ठाऊक होतं. घरात रोज तेच बोलणं चालायचं. तरी तिचं तोंड कसं झालं ते ईरम्मानं बघितलं. तिनं ताट ठेवलं आणि चालत परत गेली. आली होती ती पळत.

"मग आता काय राहिलं?" साहेब उठला.

"चरगा राह्यलाय. त्याला दोघं लागत्यात. एकानं टाकायचं, एकानं मागनं पाणी द्यायचं. मी दोन फेऱ्या मारीन. आदी निवदाची, मग पाण्याची."

साहेबानं चष्मा काढून खिशात ठेवला, पाण्याचा तांब्या उचलला. "चला," म्हणाला. ती पुढं नैवेद्य टाकत, तो बूट घालून ढेकळांतून मागं पाणी शिंपडत, असे दोघं साडेचार एकरांभोवती फिरले. तिप्पण्णाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. परत कोपीशी आल्यावर साहेबानं विचारलं, "बाई, खरंच कुणीच नाही का हो तुम्हाला?"

आणि ईरम्मा रडली. काही ठरवून नाही. तिला वाटलं होतं आपण खोटं बोलतोय, आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की यातलं खोटं आता फार थोडं उरलंय. साहेबानं तिथंच मांडीवर कागद ठेवून लिहिलं, लाभार्थी एकटीच राहते, समक्ष पाहिले. खाली सही ठोकली.

जीप गेल्यावर सोमलिंग बांध ओलांडून नाचतच आला. "वयनी, काय रडलासा! जत्रंतल्या नाटकात घ्यायला पायजे तुमाला!" सगळी हसली. ईरम्माही हसली. काय करणार?

आता तुम्ही म्हणाल, पाहणी झाली, सुटली बाई, जाऊ दे घरात. अहो, सरकार इतक्या सहजी सोडतं होय? अनुदान तीन हप्त्यांत होतं. पहिला मंजुरीला, दुसरा खोदाई झाल्यावर, तिसरा दगडी बांधकाम पुरं झाल्यावर. दर हप्त्याला पाहणी. जोतीराम म्हणाला, "साहेबानं स्वतः लिहून नेलंय. आता मागं सरता येत न्हाय. तिसऱ्या हप्त्यापर्यंत दम धरा."

दम धरला. उन्हाळाभर सुरुंग उडत होते. बेचाळीस फुटांवर पाणी लागलं, तेव्हा सोमलिंगनं पहिली घागर ईरम्माच्या पायावर ओतली आणि लहान पोरासारखा रडला. तो काही वाईट माणूस नव्हता. जगदेवीही वाईट नव्हती. सुगीत ज्वारी मळली की ईरम्माची पोती न विसरता पडवीत यायची. सणाला ताट यायचं. पण हुरड्याच्या दिवसांत जगदेवीला उसंत नसायची, मग पोराला गोवर आला, मग लावणी. कालवणाची वाटी रोजची दोन दिवसांनी झाली, दोन दिवसांची सणासुदीची झाली. विजयमाला येळवशीनंतर फारशी आली नाही. दुसरी येळवसही बांधाच्या दोन बाजूंना झाली, आणि या खेपेला सोमलिंगला ते सांगायलाही यावं लागलं नाही. पेंढ्या आपोआप पोचल्या.

ईरम्माचा हात मात्र शिकला. आता पिठात हात घातला की बरोबर दोन भाकऱ्यांचं पीठ यायचं, चिमूटभर इकडं नाही की तिकडं. ज्या दिवशी तिला हे कळलं त्या दिवशी ती फार घाबरली. ती मनाशी म्हणायची, तिसरा हप्ता. तिसरा हप्ता आला की मी माझ्या ताटावर जाईन. विहीर, पाणी, साडेचार एकर, सगळं तुमचं तुम्ही घ्या, मला माझी अर्धी बाजू द्या.

शहात्तर साली शिवरात्रीच्या आधी तिसरा हप्ता आला. सोमलिंग तालुक्याहून सायकल हाणत आला तो थेट पडवीत.

"वयनी, सुटलो बगा! आता कुनाच्या बापाची भीती न्हाय. सांजच्याला घरातच या जेवायला!"

तो गेला. ईरम्मानं वरवंटा उचलला आणि आपल्या हातानं घातलेली ती देखणी चूल आपल्या हातानं फोडली. पहिल्या घावाला वरवंटा अडखळला, चूल मोडायची नसते ते तिनंच गावाला सांगितलेलं. पण मग हात मोकळा झाला. तुकडे तुकडे करून उकिरड्यावर टाकले, जमीन सारवून घेतली. चूल होती कुठं ते दिसूही नये असं सारवलं. मग अंघोळ केली, पेटीतलं इरकली लुगडं नेसली, कपाळाला विभूती लावली, आणि दिवस मावळायच्या आत पुढच्या दारानं घरात गेली. दीड वर्षांनी.

ती सरळ चुलीकडं गेली. तिथं विजयमाला भाकऱ्या थापत होती. पोर गडबडीनं उठली. "दोड्डव्वा, तुमी हितं धुरात कशाला? बसा की तिकडं." तिनं भिंतीकडं घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या भरून समोर ठेवला. ईरम्मानं बसता बसता सवयीनं कोनाड्यात हात घातला, कालवणात मीठ बघावं म्हणून. मिठाची बरणी तिथं नव्हती. चाळीस वर्षं ती तिथं होती.

"काय पायजे अक्का?" जगदेवी धावत आली. तिचा चेहरा खरंच फुललेला होता, उगीच खोटं कशाला सांगू? "तुमी बसा हो. आज तुमी कायबी करायचं न्हाय. तुमच्यासाठी शेंगाची पोळी केलीया."

पाव्हणा आल्याशिवाय त्या घरात शेंगाची पोळी होत नसे. ईरम्माला पहिल्या पंगतीला बसवलं, पुरुषांच्या बरोबर. वेगळं ताट, तेही घासूनपुसून लख्ख. वरून तूप. जगदेवी समोर बसून आग्रह करत होती. "आनि येक घ्या की अक्का. माज्या गळ्याची आन हाय." पोरं कोपऱ्यात शहाण्यासारखी बसली होती, पाव्हण्यांपुढं बसतात तशी. ईरम्माला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं मला शेवटी बसव, मला उरलंसुरलं दे, पण तुझ्या ताटात दे. तिनं पोळी गिळली. गोड होती.

तिचं जेवण झाल्यावर जगदेवी आणि विजयमाला एका ताटात बसल्या. मध्ये कालवण. दोन्हीकडून भाकरी मोडत त्या काहीतरी हळू बोलल्या आणि हसल्या. मग ईरम्माचं लक्ष आहे हे बघून थांबल्या.

ईरम्मा उठली. जगदेवी उष्ट्या हातानं तिला पोचवायला दारापर्यंत आली.

"उद्या बी या की अक्का. कदीबी या. तुमचंच घर हाय."

"येते की," ईरम्मा म्हणाली.

सकाळी तिनं पडवीत सारवलेल्या जागेवर तीन दगड मांडले आणि तांबड्या मातीचं घमेलं भिजवायला ठेवलं. काड्याची पेटी रात्रीच्या दवानं सादळली होती. मग तिनं खापर घेतलं आणि घराच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

"जगदेवी, इस्तू दितीस का जरा?"

जगदेवीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि चुलीतले दोन निखारे चिमट्यानं खापरावर घातले. मग तिला ईरम्माच्या हातांवरची तांबडी माती दिसली.

"आगं बाई! चूल मोडलासा व्हय अक्का? कशाला? चांगली हुती की."

"जुनी झाली हुती," ईरम्मा म्हणाली. "नवी घालते."

"मग ठीक हाय," जगदेवी म्हणाली आणि भाकरी करपेल म्हणून चुलीकडं वळली. ईरम्मानं निखाऱ्यांवर वारा लागू नये म्हणून पदर धरला आणि गोठ्याच्या कडेकडेनं ती आपल्या घरी गेली.